एफटीसी रोबोटसाठी चाकं: चार मेकॅनम घ्यावीत की दोन ओम्नी-दोन रबरी? आणि व्यास किती?

नवी_ड्राइव्हटीम

नमस्कार. आमच्या विद्यार्थी संघाचं एफटीसीतलं (फर्स्ट टेक चॅलेंज, विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा) हे पहिलंच वर्ष आहे. चेसिसचा आराखडा तयार आहे, चाकांवर गाडी अडली आहे. माहिती अशी:

रोबोटचं अंदाजे वजन १४ किलो. चेसिस ४८ मिमीच्या यू-चॅनलची. पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर ३३६ मिमी. मैदान नेहमीचंच, १२ बाय १२ फूट, फोमच्या टाइल्सचं. ड्राइव्हसाठी चार मोटरी ठेवल्या आहेत, १२ व्होल्टच्या. गिअरबॉक्स दोन प्रकारचे मिळू शकतात: ३१२ आरपीएम (स्टॉल टॉर्क, म्हणजे मोटर अडून थांबते तेव्हाचा फिरवण्याचा जोर, २४.३ किलो-सेमी) आणि ४३५ आरपीएम (१८.७ किलो-सेमी). दोन्हीत स्टॉलचा करंट ९.२ अँपिअर. मैदानावर साधारण २० मिमी उंचीची एक आडवी पट्टी ओलांडून जावं लागेल असं धरून आम्ही चाललो आहोत. वस्तू उचलायची, लिफ्टने वर ठेवायची, परत यायचं, असं चक्र आहे.

प्रश्न तीन. मेकॅनम (कडेला तिरके रोलर असलेली, रोबोटला बाजूलाही सरकवणारी चाकं) घ्यावीत की पुढे ओम्नी (कडेला आडवे रोलर असलेली, बाजूला मोकळी सरकणारी) आणि मागे साधी रबरी? व्यास ७५, ९६ की १०४ मिमी? चाक थेट मोटरच्या शाफ्टवर बसवलं तर चालेल का?

टॉर्क_आणि_टायर

व्यास आणि गिअरबॉक्स हे दोन वेगळे निर्णय नाहीत, म्हणून आधी तेच एकत्र बघू. वेग म्हणजे चाकाचा परीघ गुणिले फेरे. ९६ मिमीचं चाक ३१२ आरपीएमवर बिनभाराचं सेकंदाला १.५७ मीटर जातं, ४३५ वर २.१९ मीटर. १०४ मिमी ३१२ वर १.७० मीटर देतं. आणि ७५ मिमी ४३५ वर १.७१ मीटर! म्हणजे शेवटच्या दोन जोड्यांचा वेग एकच. जमिनीवरचा जोरही जवळपास तेवढाच: १०४ ला स्टॉलवर दर चाकामागे ४६ न्यूटन, ७५ ला ४९. त्यामुळे व्यास वेगासाठी निवडायचाच नाही, वेग गिअरबॉक्सने जुळवता येतो. व्यास ठरतो तो रोबोटच्या पोटाखाली किती जागा हवी यावरून.

तुमच्याकडे २० मिमीची पट्टी आहे. ४८ मिमीचं चॅनल आणि आस त्याच्या बरोबर मध्यात, तर ७५ मिमीच्या चाकावर पोटाखाली १३.५ मिमी राहतात. पुढची चाकं पट्टी ओलांडतील, पण मधला भाग पट्टीवर टेकेल आणि चारही चाकांवरचा भार कमी होऊन रोबोट तिथेच अडकेल, चाकं नुसती फिरत बसतील. ९६ वर २४ मिमी मिळतात. कागदावर पुरेसे वाटतात, पण फोममध्ये चाक एक-दोन मिमी दबतं, आणि चॅनलखाली स्क्रूची डोकी दोन-तीन मिमी बाहेर असतात. उरतात जेमतेम २०. म्हणून १०४ घ्या, २८ मिमी मिळतात. नाहीतर ९६ वरच राहून आस चॅनलच्या खालच्या भोकांच्या रांगेत घ्या. खालच्या बाजूला बटन-हेड स्क्रू वापरा आणि वायरी चॅनलच्या आतून न्या, हे दोन्ही पर्यायांत करायचंच.

आता जोर. इथे बहुतेक संघ मोटरचा टॉर्क बघतात आणि चाकाची पकड विसरतात. १४ किलोचा रोबोट म्हणजे दर चाकावर साधारण ३४ न्यूटन भार. घर्षण गुणांक १ धरला तर रबरी चाक ३४ न्यूटनच्या पुढे ढकलूच शकत नाही, ते घसरतं. मेकॅनममध्ये रोलर ४५ अंशात असल्याने जमिनीचा जोर फक्त रोलरच्या आसाच्या दिशेने लागतो. म्हणून त्याच रबराला पुढच्या दिशेने सुमारे ७० टक्केच मिळतात, दर चाकामागे २४ न्यूटन. हे नुकसान मोटर बदलून भरून निघत नाही.

पण त्याची दुसरी बाजू फ्यूजवर दिसते. ९६ मिमी आणि ३१२ आरपीएमला स्टॉलचा जोर दर चाकामागे ५० न्यूटन आहे. मेकॅनम २४ ला घसरतं, म्हणजे मोटर स्टॉलच्या निम्म्यावर असताना. चार मोटरींचा करंट तेव्हा साधारण १८ अँपिअर. बॅटरीवरचा फ्यूज २० अँपिअरचा. रबरी चाकं त्याच गिअरबॉक्सवर घसरायच्या आत २५ अँपिअर ओढतात. ४३५ चा गिअरबॉक्स आणि रबरी चाकं असतील तर ३३. सेकंद-दोन सेकंद ढकलाढकली झाली तर फ्यूज तग धरतो, त्याच वेळी लिफ्टची मोटरही जोर लावत असेल तर नाही. फ्यूज नाही उडाला तरी व्होल्टेज कोसळून कंट्रोलर रीसेट होऊ शकतो.

म्हणून माझं मत: १०४ मिमी मेकॅनम, ३१२ आरपीएम. तुमच्या चक्रात प्रत्येक फेरीला वस्तूसमोर आणि ठेवायच्या जागेसमोर चार-पाच सेंटिमीटरने बाजूला सरकून नेमकं उभं राहावं लागणार आहे. दोन रबरी चाकांच्या रोबोटला त्यासाठी मागे जाऊन वळून परत यावं लागतं. दोन मिनिटांच्या खेळात तोच वेळ सर्वांत महाग.

घर्षण गुणांक मी १ धरला आहे, तो प्रत्यक्ष मोजा. चारही चाकं केबल टायने चेसिसला बांधून टाका, म्हणजे ती फिरणार नाहीत. ताणकाटा चेसिसला जमिनीपासून जितका खाली अडकवता येईल तितका अडकवून रोबोट टाइलवर पुढे ओढा, आणि घसरायला लागतो त्या क्षणाचा आकडा टिपा. तो भागिले रोबोटचं वजन. १४ किलोच्या रोबोटला १० किलो लागले तर ०.७. मेकॅनमवर येणारा आकडा ४५ अंशांचं नुकसान धरूनच येतो, त्याला पुन्हा ७० टक्के लावू नका.

सहाचाकी

वरचा हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्षाला एक अट हवी. आडवी चाल तेव्हाच कामाची, जेव्हा चारही चाकं टाइलवर सारख्या जोराने टेकलेली असतात. मेकॅनममध्ये चार चाकांचे तिरके जोर एकमेकांचा नको तो भाग रद्द करतात आणि उरलेला भाग रोबोटला नेतो. एक चाक हलकं टेकलं की रद्द होण्याचं गणित बिघडतं. रोबोट बाजूला जाताना फिरतो, पुढे जाताना एका अंगाला ओढतो. चाकं खराब आहेत म्हणून बदलली जातात आणि दोष चेसिसच्या पिळात असतो.

दुसरं, ती पट्टी. मेकॅनमने पट्टी ओलांडायची ती फक्त सरळ, समोरून. आडवं सरकताना जमिनीला लागतो तो छोटा रोलर, त्याची त्रिज्या साधारण सेंटिमीटरभर. तो २० मिमीच्या कडेवर चढूच शकत नाही. चालकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर खेळाच्या घाईत बाजूने पट्टीवर आदळणं ठरलेलंच आहे.

प्रतिस्पर्ध्यांची रेटारेटी जास्त असणारा खेळ असेल किंवा सरावाला मिळणारा वेळ कमी असेल, तर दोन ओम्नी-दोन रबरी ही जोडी कमी लेखू नका. कोड सोपा, पकड पूर्ण, आणि ड्राइव्ह दुरुस्त करायला कुणालाही जमतो. फक्त वळण्याचा केंद्रबिंदू रबरी चाकांच्या आसावर जातो, रोबोटच्या मध्यावर राहत नाही. म्हणून उचलण्याची यंत्रणा ज्या टोकाला आहे त्याच्या विरुद्ध टोकाला रबरी चाकं घ्या. मग रोबोट जागच्या जागी थोडा फिरला की तोंड बाजूला सरकतं, नेम धरायला तेवढं पुरतं. उलट बसवली तर तोंड जागेवर आणि शेपूट मैदानभर झाडू मारत फिरते.

चारही रबरी मात्र घेऊ नका. वळताना प्रत्येक चाकाला बाजूने खरवडावं लागतं, आणि आसांमधलं अंतर रुंदीपेक्षा जास्त असेल तर रोबोट वळत नाही, उड्या मारतो. सहा चाकांत मधलं चाक तीनेक मिमी खाली ठेवण्याची युक्ती टणक जमिनीवर छान चालते. फोम मात्र तेवढा फरक गिळून टाकतो. तिथे मधली दोन रबरी आणि कोपऱ्यांवर चार ओम्नी हेच बरं.

बेंचवाईस

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावलेला नाही. थेट शाफ्टवर चाक लावू नका.

चाकावर ३४ न्यूटनचा भार उभ्या उभ्याच आहे. चाकाचा मध्य गिअरबॉक्सच्या तोंडापासून ३० मिमी बाहेर गेला तर शाफ्टवर १ न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर सतत. पट्टीवरून उतरताना किंवा धडकेत तो कितीतरी पट होतो. आधी गिअरबॉक्समधलं बेअरिंग सैल होतं, मग शाफ्ट किंचित वाकतो आणि चाक डगडगत फिरतं. तुम्हाला मात्र वाटतं की कोडमध्ये काहीतरी चुकलंय. चाक दोन पट्ट्यांच्या मधे घ्या, शाफ्टला दोन्ही बाजूंना बेअरिंग द्या, आणि मोटरचा फेरा बेव्हल गिअरने किंवा दातेरी बेल्टने आणा. बेल्ट घेतलात तर दोन पुलींच्या केंद्रांतलं अंतर बेल्टच्या लांबीवरून आधी काढा, नंतर ताणू असं म्हणून मोघम भोकं पाडू नका. एकाच बाजूने आधार देणं भागच असेल तर चाक बेअरिंगला जितकं चिकटवता येईल तितकं चिकटवा, मधे एक-दोन मिमीची वॉशर पुरे.

सेट-स्क्रूच्या हबवर (चाक शाफ्टला एका स्क्रूच्या टोकाने धरणाऱ्या जोडावर) विसंबू नका. डी-शाफ्टवर (एक बाजू सपाट असलेल्या शाफ्टवर) तो धरतो, पण मेकॅनम दर सेकंदाला दिशा बदलत असतं आणि त्या उलटसुलट झटक्यांनी स्क्रू सुटतोच. शाफ्टला भोवतीने आवळणारा क्लॅम्प हब घ्या. धातूत धातू बसणाऱ्या स्क्रूला मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर एक थेंब. पॉलिकार्बोनेटच्या जवळपास मात्र तो अजिबात नको. प्लॅस्टिकला बारीक तडे जातात, आणि ते लगेच न दिसता काही दिवसांनी दिसतात. तिथे नायलॉनचे लॉकनट.

हबवर पेनाने एक रेघ मारा, अर्धी शाफ्टवर आणि अर्धी हबवर. प्रत्येक फेरीनंतर रेघ जुळते का ते बघायला पाच सेकंद लागतात.

नवी_ड्राइव्हटीम

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्या संघाकडून १०४ मिमीची मेकॅनम चाचणीपुरती मिळाली, ती दोन्ही बाजूंना बेअरिंग देऊन बसवली. सरळ बरा जातो. उजवीकडे सरकवला की तोंड उजवीकडे वळतं, म्हणजे वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. डावीकडे सरकवला की उलट. चार कोपऱ्यांखाली डिजिटल काटे ठेवून वजन घेतलं: पुढे डावं २.६, पुढे उजवं ३.१, मागे डावं ४.६, मागे उजवं ३.७ किलो. बॅटरी अगदी मागे आहे. यातून काय समजायचं?

टॉर्क_आणि_टायर

वजनं दिलीत हे फार बरं केलंत, यात दोन वेगवेगळे दोष स्पष्ट दिसतात.

पहिला पुढे-मागे. पुढे ५.७ आणि मागे ८.३. चाकांचा एकत्रित जोर चौकोनाच्या मध्यावर लागतो, पण रोबोटचं वजन मध्याच्या मागे आहे. त्यामुळे सरकायला लागताच तोंड पुढे धावतं आणि शेपूट मागे राहते. जड बाजूच्या रोलरना घर्षणही जास्त, म्हणून वेग आल्यावरही तोच कल टिकतो. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. एफटीसीची बॅटरी अर्ध्या किलोहून थोडी जास्त असते. ती २५० मिमी पुढे आणलीत तर रोबोटचा गुरुत्वमध्य जवळपास १० मिमी पुढे येतो आणि सुमारे ४०० ग्रॅम भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. म्हणजे ६.१ आणि ७.९. लिफ्टचा पाया एक भोक पुढे सरकवता आला तर आणखी चांगलं. उरलेल्या फरकासाठी आयएमयूने (रोबोट किती वळला हे सांगणारा सेन्सर) दिशा धरून ठेवायला कोडला सांगा. पण आधी वजन, मग कोड. घसरणारं चाक कोडने पकड धरत नाही.

दुसरा दोष कर्णांचा, आणि तो जास्त त्रासाचा. पुढे डावं आणि मागे उजवं मिळून ६.३, दुसरा कर्ण ७.७. डावी बाजू एकूण ७.२ आणि उजवी ६.८ आहे. चेसिस सपाट असती तर या वाटणीत पुढे डावं साधारण २.९ आणि पुढे उजवं २.८ यायला हवं होतं. तुमच्याकडे २.६ आणि ३.१ आहे. म्हणजे चेसिस पिळली आहे, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक थोडं वर आहे.

आधी काटे खात्रीच्या सपाट जागेवर आहेत ना ते बघा, आणि त्यांची आपापसात जागा बदलून पुन्हा मोजा. एक काटा २०० ग्रॅम चुकत असेल तर हा सगळा निष्कर्ष कोसळतो. आकडे कायम राहिले तर आडव्या चॅनलचे सगळे बोल्ट अर्धा फेरा सैल करा. रोबोट जाड काचेवर किंवा ओट्याच्या सपाट दगडावर ठेवा. चारही चाकं हाताने खाली दाबून बसवा, मग बोल्ट समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे करत आवळा. एकाच कोपऱ्यातले सगळे आधी आवळले तर पीळ पुन्हा येतो. तरीही कर्णांत फरक राहिला तर हलकं चाक खाली येईल अशा बाजूने त्याच्या बेअरिंग ब्लॉकला अर्ध्या मिमीची शिम (पातळ चकती) लावा. चेसिसला एकच आडवा चॅनल असेल तर दुसरा घाला, पीळ धरून ठेवायला एक पुरत नाही.

रोजच्या तपासणीला काटे नकोत. कागदाची पट्टी एकेका चाकाखाली सरकवून ओढून बघा. चारही ठिकाणी सारखी अडली पाहिजे.

सहाचाकी

पूर्ण वेगाने जागच्या जागी फिरवून पाहिलंत का? रोबोटकडे वरून बघताना चारही चाकांचे वरचे रोलर मिळून फुली दिसली पाहिजे, प्रत्येक रोलर रोबोटच्या मध्याकडे तोंड करून. चारही चाकं डावी-उजवी अदलाबदल होऊन वरून चौकट दिसत असेल, तर जमिनीवरचे जोर मध्यातून जातात आणि रोबोट वळतच नाही किंवा फारच दुबळा वळतो. आडवं-उभं मात्र तरीही जातो, म्हणून चूक लक्षात येत नाही.

शिवाय प्रत्येक रोलर बोटाने फिरवून बघा. बाजूच्या पट्टीचे स्क्रू जास्त आवळले की रोलर चिमटले जातात. एखादा रोलर अडखळत असेल तर आडव्या चालीत ठरावीक अंतराने ठेच लागल्यासारखं होतं. गुंतलेले केस आणि धागे चिमट्याने काढा. तेल घालू नका, त्यावर धूळ बसते आणि काही रबरं तेलाने फुगतात. रोलरचं रबर धुळीने गुळगुळीत झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा. पकड वाढवायला चिकट काही लावायचं नाही. टाइलवर डाग किंवा थर सोडणारी चाकं तपासणीत बाद होतात.

एन्कोडरकाठी

स्वयंचलित ३० सेकंदांबद्दल (सुरुवातीला रोबोट चालकाशिवाय, फक्त कोडवर चालतो तो भाग) एवढंच. मेकॅनमच्या मोटर एन्कोडरवरून (फेरे मोजणारा सेन्सर) रोबोट कुठे आहे हे ठरवू नका. सुरुवात घेताना आणि आडवं सरकताना चाक घसरतं आणि घसरलेलं अंतरही मोजलं जातं. मोटर न लावलेली छोटी ओम्नी चाकं घ्या, दोन उभ्या दिशेला आणि एक आडवी. किंवा एक उभी, एक आडवी आणि दिशेसाठी आयएमयू. ती स्प्रिंगने टाइलवर दाबलेली हवीत. दाब एवढाच की ती उड्या मारणार नाहीत. स्प्रिंग जास्त कडक केली तर मुख्य चाकांवरचा भार उचलला जातो आणि वर ज्या कोपऱ्यांच्या वजनांसाठी इतकी मेहनत चालली आहे ती वाया जाते. काट्यावरची वजनं ही चाकं लावल्यावर पुन्हा घ्या.

४८ मिमीचं चाक आणि फेऱ्याला २००० काउंटचा एन्कोडर असेल तर एक काउंट म्हणजे सुमारे ०.०७५ मिमी. अचूकता भरपूर आहे, चूक येते ती व्यासात. छापील व्यासावर विसंबू नका. रोबोट टाइलवर सरळ कडेला टेकवून हाताने बरोबर ३ मीटर ढकला, काउंट वाचा, ३००० मिमीला त्याने भागा. असं पाच वेळा करून सरासरी कोडमध्ये घाला. पट्टीवरून जाताना ही चाकं उचलली जातील आणि त्या क्षणाचं मोजमाप हरवेल. म्हणून स्वयंचलित मार्ग पट्टी न ओलांडता आखता आला तर तसाच आखा. नाहीच जमलं तर ओलांडल्यावर मैदानाच्या भिंतीला हळूच टेकून जागा नव्याने नोंदवा.

नवी_ड्राइव्हटीम

काटे अदलाबदल करून मोजले, आकडे तेच आले. बोल्ट सैल करून काचेवर बसवली, एक आडवा चॅनल वाढवला, बॅटरी पुढे आणली. आता पुढे २.९ आणि ३.१, मागे ४.२ आणि ३.८. कर्ण ६.७ आणि ७.३. आडव्या चालीत तोंड अजून वळतं, पण बरंच कमी. आयएमयू लावायचा का आता, की शिम आधी?

टॉर्क_आणि_टायर

शिम आधी. पुढच्या डाव्या ब्लॉकला, चाक खाली येईल असा, अर्धा मिमी घाला आणि पुन्हा मोजा. कर्णांतला फरक ३०० ग्रॅमच्या आत आला की थांबा, फोमची टाइल स्वतःच त्याहून सपाट नसते. मग आयएमयू. कोडमध्ये आडव्या चालीच्या आज्ञेला १.१ ने गुणून सुरुवात करा, कारण रोलरच्या घर्षणाने आडवा वेग उभ्यापेक्षा कमीच पडतो. आणि चारही मोटरींच्या आज्ञांत कुणाचीही बेरीज १ च्या वर गेली तर चौघांना त्याच संख्येने भागा. एकट्या मोटरची आज्ञा १ वर कापली तर प्रमाण बिघडून रोबोट पुन्हा वळायला लागेल, आणि तुम्ही परत शिम शोधत बसाल.